साहेबांच्या शिबिरातलं आमचं घर

मे महिना लागला की आमचं घर आमचं राहायचं नाही. राधानगरीच्या रस्त्याला, धरणाच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर मुलांसाठी एक ख्रिस्ती शिबिर होतं. परदेशातून आलेल्या एका मिशनरी कुटुंबानं ते सुरू केलं होतं आणि प्रत्यक्षात चालवायला माझे आईवडील होते. आवारात आम्हाला दोन खोल्या दिल्या होत्या. उन्हाळ्यात गावोगावची मुलं आली की एका खोलीत औषधपाणी ठेवायचे आणि दुसरीत पाहुण्या बायकांची सोय करायचे. मग आई, पप्पा आणि मी स्वयंपाकघरामागच्या पडवीत अंथरूण टाकायचो. शिबिर उठल्यावर घरात परत गेलो की माझ्या खडूंचे तुकडे झालेले असायचे, बाहुलीचा हात निघालेला असायचा. मी कुरकुर केली की आई म्हणायची, "देवाची लेकरं हायती. खेळली तर खेळली."

"मग मी कुणाची?" मी एकदा विचारलं होतं.

आई कणीक मळत होती. "वळकट्या उचल जा," म्हणाली.

त्याआधी आम्ही कोल्हापुरात राहायचो. पप्पा शाळेत मास्तर होते, नोकरी कायम झाली होती. एका रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, त्यांची आणि साहेबांची ओळख झाली. साहेब म्हणजे तो परदेशी मिशनरी, गावात आणि शिबिरात त्यांना सगळे साहेबच म्हणत. साहेबांना मराठी यायचं, पण पुस्तकातलं. "मी आपणांस विनंती करितो" असं ते भाजीवालीलाही म्हणायचे. त्यांचं प्रवचन मुलांपर्यंत पोचवायला दुभाष्या हवा होता आणि पप्पांचं इंग्रजी चांगलं होतं. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. पप्पांनी राजीनामा दिला. आजोबा त्यांच्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा एवढंच म्हणाले, "साहेब लोक येतात नि जातात. मी चार बघितले." पप्पा हसले.

साहेब वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. म्हणता आलं असतं तर सोपं झालं असतं. गवंड्याच्या बरोबरीनं ते सिमेंटची पोती वाहायचे. मला सायकल त्यांनी शिकवली. पडले तेव्हा ढोपर त्यांनीच धुतलं. त्यांच्या बायको, म्हणजे मॅडम, कमी बोलायच्या, सारखं डोकं दुखतं म्हणायच्या, पण आईला हाताखालच्या बाईसारखं कधी वागवलं नाही. पावसाळ्यात ते कोल्हापुरातल्या बंगल्यावर जायचे आणि आम्ही डोंगरावर राहायचो. तिथला पाऊस म्हणजे चार महिने उजेड नाही. शिबिराच्या सगळ्या गाद्यांना बुरशी धरू नये म्हणून पप्पा एका खोलीत शेगडी पेटवून ठेवायचे आणि गाद्या उलटसुलट करत राहायचे. आमच्या अंगाला सदैव धुराचा वास. शाळेत पोरं मला "धुरी" म्हणायची.

साहेब-मॅडमची एक मुलगी होती, माझ्याच वयाची. ती मात्र पुस्तकातलं मराठी बोलायची नाही. ती आमच्याकडच्या बायकांसारखी "मी येतो, मी जातो" म्हणायची, खरडा-भाकरी खाऊन नाकाडोळ्यांतून पाणी काढायची आणि वर "आजून वाढ की!" म्हणायची. माझ्या आईला ती आईच म्हणायची. आई तिचे केस विंचरायची तेव्हा तुटतील की काय अशा हातानं विंचरायची. माझ्या केसांत फणी घालून खस्सकन ओढायची. मला राग यायचा, पण तिच्यावर नाही. तिच्याशिवाय मला त्या डोंगरावर कुणी नव्हतं आणि माझ्याशिवाय तिला.

आम्ही प्राथमिक शाळा संपवण्याच्या बेतात आलो तेव्हा तिला दक्षिणेतल्या डोंगरातल्या एका बोर्डिंगात घालायचं ठरलं. मिशनऱ्यांची मुलं तिथंच शिकायची. तिनं जेवणाच्या टेबलावर रडून गोंधळ घातला. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तू एकटी नाही. दोघी जाल." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. साहेब म्हणाले, "अवश्य." पप्पांनी तिथल्या तिथे देवाचे आभार मानले.

आई महिनाभर शिवणाच्या मशीनवर होती. तिथं थंडी असते म्हणून फ्लॅनेलचे परकर, पूर्ण बाह्यांचे झंपर, सगळं दोन-दोन. दोघींच्या कपड्यांवर तिनं वेगळ्या रंगाच्या धाग्यानं खूण घातली, म्हणजे धुण्यात अदलाबदल होऊ नये. मी शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं. आमच्या गुरुजींनी मला पेन दिलं.

जून लागायच्या आत साहेबांची जीप निघाली. आदल्या संध्याकाळी मॅडम आमच्या घरी आल्या, खाटेच्या कडेला बसल्या आणि पप्पांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. पप्पांनी ते आईला सांगितलं, "बोर्डिंगात जागा एकच आहे म्हणे. पुढच्या वर्षी बघू म्हणतात."

आई म्हणाली, "बरं."

सकाळी जीप उतारावरून वळेपर्यंत माझी मैत्रीण मागच्या काचेला तोंड लावून रडत होती. तिच्या पेटीत माझ्यासाठी शिवलेले कपडेही होते. वाया कशाला घालवायचे म्हणून आईनंच दिले होते.

आई तेव्हा पोटुशी होती. माझ्यानंतर इतक्या वर्षांनी. साहेब आणि मॅडम मुलीला पोचवून तिथंच थोडे दिवस विश्रांतीला राहिले. पाऊस ओसरला की येतो, असा त्यांचा निरोप आला. जीप त्यांच्याबरोबर. एरवी ती पावसाळ्यात निदान कोल्हापुरात तरी असायची. आईचे दिवस भरायला अजून अवकाश होता, त्यामुळे पप्पांनाही काळजी वाटली नाही. आषाढात पावसानं झोडपायला सुरुवात केली, ओढ्यावरच्या फरशीवर पाणी चढलं, एस.टी. बंद झाली आणि आई दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. गावातली सुईण आली होती. आम्हाला दूध घालणारी मामी रात्रंदिवस आईजवळ बसली. मुलगा झाला. लहानखुरा, पण रडला चांगला. मी त्याच्या मुठीत माझं बोट दिलं तर सोडेना.

नाव ठेवायच्या आधीच त्याला श्वास लागायला लागला. छाती भात्यासारखी व्हायची. मामी म्हणाली, "मास्तर, दवाखान्यात न्याच. हितं काय न्हाय हुयाचं." पप्पांनी त्याला लुगड्यात गुंडाळलं, छातीशी धरलं, वरून घोंगड्याची खोळ घेतली आणि चालत निघाले. मामीचा नवरा पुढे काठीनं पाण्याचा अंदाज घेत होता. आई दारात उभी होती. तिला उभं राहवत नव्हतं, पण बसली नाही. मी म्हटलं, "जीप असती तर?" ती म्हणाली, "गप."

ते अर्ध्या वाटेवरून परत आले. घोंगड्याच्या आत पप्पांचे हात अजून तसेच होते, पण चालण्यावरून आम्हाला कळलं. कोल्हापूरला आमच्या कबरस्तानापर्यंत जायला रस्ता नव्हता. आवाराच्या वरच्या टोकाला जांभळाचं झाड होतं, त्याखाली त्याला पुरलं. पप्पांनी पावसात उभं राहून स्वतःच प्रार्थना म्हटली. दुसऱ्या दिवशी ते गाद्यांच्या खोलीत शेगडी पेटवायला गेले. दुसरं काय करायचं हे त्यांना सुचलं नसावं असं मला आता वाटतं.

साहेब-मॅडम श्रावण सरता सरता आले. मॅडम आईच्या गळ्यात पडून पुष्कळ रडल्या. साहेब जांभळाखाली गुडघे टेकून बसले, बराच वेळ उठले नाहीत. ते सगळं खरं होतं. जीपचा विषय कुणी काढला नाही.

नाताळच्या सुट्टीत माझी मैत्रीण घरी आली. आम्ही दोघी पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. ती बोर्डिंगातल्या गमती सांगत होती. म्हणाली, "माझी खाट खिडकीजवळ हाय. दोन खाटा सोडून पलीकडं एक पोरगी, मग तिकडं सगळं रिकामं. आर्ध्या खाटा रिकाम्याच हायत्या की. रात्री भ्या वाटतं."

मी विचारलं, "रिकाम्या?"

"व्हय. तू असतीस तर शेजारी झोपलो असतो."

तिला काही माहीत नव्हतं हे तिच्या तोंडाकडे बघूनच समजत होतं. मी शेंगा तशाच टाकून आत गेले आणि आईला सांगितलं. आई चपात्या लाटत होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "तुला कुणी सांगितलंतं तिला इच्चारायला?" म्हणाली, आणि पुढची चपाती लाटायला घेतली. म्हणजे तिला आधीच अंदाज होता. मला ते जास्त लागलं.

पुढच्या मे महिन्यात नेहमीसारखं शिबिर भरलं. त्या वर्षी साहेबांच्या देशातून पाहुणेही आले होते, मांडवात पुढच्या रांगेत खुर्च्यांवर बसले होते. मुलं सतरंजीवर. साहेब बोलायला उभे राहिले, शेजारी पप्पा. साहेब एक वाक्य इंग्रजीत बोलायचे, पप्पा ते मराठीत सांगायचे. त्या दिवशी विषय विश्वासाचा होता. देवाच्या शब्दाखातर पोटच्या मुलाचा बळी द्यायला निघालेल्या अब्राहामाचं थोडं झालं, आणि मग साहेब म्हणाले, आता मी तुम्हाला याच डोंगरावरची गोष्ट सांगतो.

पप्पांनी मराठीत सांगितलं, "आता मी तुम्हाला याच डोंगरावरची गोष्ट सांगतो."

"गेल्या पावसाळ्यात देवानं आमच्या एका सेवकाला मुलगा दिला," पप्पा म्हणाले. 'मला' म्हणाले नाहीत. साहेब जे बोलले तेच ते बोलले. "पूर आला होता. रस्ते बंद होते. वाहन नव्हतं." मुलं ऐकत होती. "तो बाप आपल्या लेकराला छातीशी धरून पाण्यातून चालत गेला. पण देवानं ते लेकरू आपल्याकडे बोलावून घेतलं. त्या बापानं तक्रार केली नाही." इथं पप्पा थोडे थांबले. साहेबांचं पुढचं वाक्य बोलून झालं होतं. त्यांनी पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वाट बघितली. सगळा मांडव वाट बघत राहिला. शेवटी पप्पा म्हणाले, "दुसऱ्या दिवशी तो तुमच्या झोपण्याच्या गाद्या वाळवायला उभा राहिला."

खुर्च्यांवरच्या पाहुण्यांनी डोळे पुसले. एका बाईनं पप्पांचा फोटो काढला.

आई स्वयंपाकघराच्या दारात होती. ती मांडवाच्या मधून, सतरंजीवरच्या मुलांना ओलांडत आली, माझा दंड धरला आणि मला आत घेऊन गेली. माझ्यापुढे कांद्यांची पाटी ठेवली. "चिर," म्हणाली. जेवणं उरकल्यावर ती पप्पांना म्हणाली, "तुमच्या तोंडातनं आलं कसं ते, ओ?"

"मी फक्त त्यांचं बोलणं सांगत होतो."

"व्हय. त्येच इच्चारतोय मी."

साहेबांनी ती गोष्ट पुढच्या वर्षी पुन्हा सांगितली. पाहुण्यांची तुकडी आली की सांगायचे. पप्पा प्रत्येक वेळी शेजारी उभे राहिले, आणि दरवर्षी त्यांचं भाषांतर सुधारत गेलं. पहिल्यांदा ते जिथं अडखळले होते तिथं आता त्यांना फार चांगले शब्द सापडायचे. आई त्या वेळेला पाणी आणायला जायची. मी दहावीत गेले तेव्हा शिबिराच्या काळात कुरुंदवाडला मामाकडे राहायला लागले. पप्पांना वाटलं, अभ्यासासाठी.

मग एका वर्षी साहेबांना इथं राहायची परवानगी वाढवून मिळाली नाही. निरोपाच्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर किल्ल्यांचा जुडगा पप्पांच्या हातात दिला आणि स्वतःच्या मराठीत म्हणाले, "हे आता आपले आहे." माझी मैत्रीण बोर्डिंगातून परस्पर त्यांच्या देशात गेली. तिची-माझी भेट झाली नाही.

पप्पांनी त्या वाक्यावर विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर त्यानंतरची काही वर्षं मी त्यांना सगळ्यात आनंदी बघितलं. दुभाष्या लागतच नव्हता. भाषांतरित गाणी मागे पडली. ढोलकी आली, झांजा आल्या. हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगायला त्यांनी हातकणंगल्याकडच्या एका धनगराला मेंढरांसकट आणून उभं केलं आणि पोरं हसून लोळली. शेजारच्या गावची मुलं संध्याकाळी कबड्डीला यायची. तिथं धर्माचा विषय नसायचा. कौलं पप्पा स्वतः चढून शाकारायचे. मी तेव्हा कोल्हापुरात नर्सिंग शिकत होते. सुट्टीत गेले की मला ती जागा पहिल्यांदाच आमची वाटायची.

आणि मग शिबिराची जागा जिच्या नावावर होती त्या परदेशातल्या कमिटीची दोन माणसं आली. आईनं त्यांना तांबडा-पांढरा रस्सा करून वाढला, तिखट कमी घालून. सकाळी नाश्त्याला पोह्यांच्या बशा पुढ्यात असताना त्यातला मोठा म्हणाला, की देव आता आम्हाला दुसऱ्या देशातल्या कामाकडे बोलावतो आहे. इथली जागा विकायची आहे. तुम्ही केलेल्या सेवेचं फळ स्वर्गात मिळेल. त्यांना वाटलं पप्पा आईसाठी भाषांतर करतील. पप्पांनी केलं नाही. मी केलं, शब्दाला शब्द.

पप्पांनी बशी बाजूला सारली. मग त्यांनी विचारलं, जांभळाखालची तेवढी जागा सोडता येईल का. कारणही सांगितलं.

दोघांना ते माहीत होतं. म्हणजे गोष्ट माहीत होती. मोठ्याच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. "आम्ही त्याबद्दल जरूर प्रार्थना करू," तो म्हणाला.

जागा कोल्हापूरच्या एका हॉटेलवाल्याला आधीच देऊन झाली होती. हे आम्हाला दूधवाल्या मामीकडून कळलं. त्यानं तिच्या मुलाला राखणीवर ठेवलं होतं. पप्पांच्या मनात हाडं उकरून कोल्हापूरला न्यायचं होतं. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे तिथंच. एवढा वेळ निजलंय." आम्ही तिथं एक दगड रोवला आणि खाली आलो. मी पप्पांना म्हटलं होतं, भांडा, गावाला गोळा करा, गाव तुमच्या बाजूनं उभं राहील. राहिलंही असतं. पप्पा म्हणाले, "प्रभूची इच्छा." मी म्हटलं, "ही प्रभूची इच्छा तुम्हाला कमिटीनं सांगितली. तुम्ही फक्त तिचं मराठी केलं." त्यांनी माझ्यावर हात उगारला. मारलं नाही.

आम्ही कोल्हापुरात भाड्याच्या घरात आलो. पप्पा शिकवण्या घ्यायला लागले, आईनं डबे सुरू केले, मला दवाखान्यात नोकरी लागली. तिकडं वर रिसॉर्ट झालं. आई एकदा एकटीच एस.टी.नं जाऊन आली. काय बघितलं ते तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

काही वर्षांनी, नाताळच्या तोंडावर, माझी मैत्रीण आली. बरोबर नवरा आणि एक लहान मुलगी. दारातूनच तिनं हाक मारली, "आई! वळाकलीस का न्हाय मला?" इतक्या वर्षांनीही बोली तशीच. आईनं तिला जवळ घेतलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली. ते प्रेम खोटं नव्हतं, आणि मला दारात उभं राहून ते बघवत नव्हतं. पप्पांची तर धावपळ उडाली. कुठं बसवू, काय देऊ.

ती तिच्या मुलीला इंग्रजीत सांगत होती, की ही माझी दुसरी आई आणि ही माझी बहीण, आणि उद्या आपण माझं घर बघायला जायचं, डोंगरावरचं. मी म्हटलं, "तिथं आता हॉटेल झालंय. खोली घेऊन राहा की." तिला टोमणा कळला. ती खाली बघून म्हणाली, "मला विकल्याचं लई उशिरा समजलं गं." मी मान हलवली. समजून तिनं काय केलं असतं, हे मी विचारलं नाही.

चहा झाला. ती आईचा हात धरून बसली होती. आईला बरं वाटावं म्हणून ती म्हणाली, "डॅडी आता म्हातारा झालाय, पण आजून चर्चमध्ये बोलायला जातोय. आपल्या बाळाची गोष्ट सांगतोय. लोक लई रडत्यात, आई. लई."

पप्पा म्हणाले, "देव त्याचा उपयोग करून घेतो आहे."

आईनं आपला हात सोडवून घेतला. आवाज चढवला नाही. "तुझ्या बाला सांग," ती म्हणाली, "आता ऱ्हाऊ दे म्हणावं. पोर माझं हुतं. त्येची गोष्ट सांगायची आसली तर मी सांगीन. आनि मला न्हाय सांगायची."

"अगं, पाहुणी आहे ती," पप्पा म्हणाले.

"पावणी हाय म्हणूनच च्या दिलाय."

माझी मैत्रीण रडायला लागली. तिची मुलगी घाबरून बापाला बिलगली. काय झालं ते त्याला कळत नव्हतं, आणि तो माझ्याकडे बघत होता, कुणीतरी इंग्रजीत सांगावं म्हणून. मी सांगितलं नाही. ती जाताना आईच्या पाया पडली, "सांगतो, आई, नक्की सांगतो" म्हणाली. नंतर एकदा तिचा फोन आला. बापाला सांगितलं, तो उठून बागेत गेला, असं म्हणाली. पुढं त्यानं ती गोष्ट सांगायची थांबवली की नाही, हे मला कळायला मार्ग नाही. थांबवली असेल असं मला वाटत नाही.

त्या दिवशी पप्पा संध्याकाळभर आईशी बोलले नाहीत. आईला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. ती दर रविवारी देवळात जाते, बायकांच्या बाजूला मागच्या बाकावर बसते आणि गाणी मोठ्यानं म्हणते. पप्पा पुढं बसतात. मी जायचं सोडलं आहे. एका रविवारी कोट घालता घालता पप्पा म्हणाले, "तुझं भांडण माणसांशी आहे. ते देवाशी कशाला नेतेस?"

मी म्हटलं, "माझी त्याच्याशी ओळख त्या माणसांनीच करून दिली होती, पप्पा."

ते कोटाची बटणं लावत राहिले. आईनं बाहेरून हाक मारली, रिक्षा आली होती.